पोराला फळा दिसतो का? चष्मा, रात्रीची भिंगे आणि मोकळे ऊन

वाशीमच्या बसस्थानकावर गाडी लागत असताना मोठी माणसे लांबूनच पाटी वाचतात. ही रिसोडची, ती मंगरूळपीरची, पलीकडची कारंजाची. सोबतचा दहा-बारा वर्षांचा मुलगा मात्र डोळे बारीक करून बघत राहतो आणि गाडी पुढ्यात आल्यावर नाव सांगतो. वावरात रोही शिरल्याचे धाकट्या बहिणीला दिसते, त्याला दिसत नाही. शाळेत तो फळ्यावरचे गणित शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतो. मग गुरुजी सांगतात की मुलाचे अभ्यासात लक्ष नाही, आणि घरी त्याला बोलणी बसतात. बिचाऱ्याचे लक्ष असते, पण फळा दिसत नसतो, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. मूलही होऊन सांगत नाही, कारण सगळ्यांना असेच अंधुक दिसते असे त्याला वाटते.

अशा मुलाला चष्मा लागला म्हणजे आई-बापाच्या पोटात गोळा येतो. त्यातून मुलगी असली तर आजी म्हणते, ‘पोरीला आतापासूनच ढापणं कशाला? उद्या लग्नाला अडचण.’ अशा वेळी शहरातल्या नातलगाकडून एक नवी गोष्ट कानावर येते. रात्री झोपताना डोळ्यांत भिंगे घालायची, सकाळी काढून ठेवायची, दिवसभर चष्मा नको आणि नंबरही वाढत नाही. या भिंगांना ऑर्थोकेराटॉलॉजी किंवा थोडक्यात ऑर्थो-के भिंगे म्हणतात. मुंबई, पुणे, हैदराबाद अशा मोठ्या शहरांत काही नेत्रतज्ज्ञांकडे ती मिळतात. त्यात खरे किती, वाढवून सांगितलेले किती, आणि शेतकरी कुटुंबाने या वाटेने जावे की नाही, याचा विचार आपण नीट करू. प्रश्न डोळ्यांचा आहे. तिथे घाई नको आणि दिरंगाईही नको.

मायनस नंबर का लागतो?

उन्हात भिंग धरून वाळले पान जाळण्याचा खेळ आपण सर्वांनी लहानपणी केला आहे. भिंग नेमक्या अंतरावर धरले तर उन्हाचा बारीक टिपका पडतो आणि पान धुमसू लागते. तेच पान थोडे मागे नेले की टिपका पसरतो आणि फिकट होतो. डोळ्याचेही असेच आहे. डोळ्याच्या पुढच्या बाजूला काचेसारखे स्वच्छ बुबुळ असते, त्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. त्याच्या आत नैसर्गिक भिंग असते. ही दोन्ही मिळून प्रकाश गोळा करतात आणि मागच्या पडद्यावर चित्र उमटवतात.

जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याची पुढून मागे लांबी सुमारे १७ मिलिमीटर असते. मोठेपणी ती २३ ते २४ मिलिमीटर होते. काही मुलांचा डोळा मात्र वाढायचा थांबत नाही, गरजेपेक्षा जास्त लांब होतो. मग पडदा मागे सरकतो, चित्र पडद्याच्या अलीकडेच तयार होते, आणि दूरचे धूसर दिसते. पुस्तक नाकाशी धरले तर मात्र स्वच्छ दिसते. यालाच लघुदृष्टी म्हणतात आणि त्याचा नंबर मायनस असतो. डोळा केवळ १ मिलिमीटर जास्त लांब झाला तर अडीच-तीन नंबर वाढतो, इतका हा हिशेब बारीक आहे.

उंची वाढायच्या वयात मूल वाढते तसा डोळाही वाढत जातो. म्हणून सात-आठव्या वर्षी लागलेला नंबर पुढे दरवर्षी अर्धा-एक असा चढू शकतो. ज्याला उशिरा लागतो, त्याचा सहसा फार चढत नाही. लहान वयात नंबर लागलेल्या मुलाकडे जास्त लक्ष द्यायचे ते यासाठीच.

नंबर वाढला तर जाड काचेचा चष्मा लावू, त्यात बिघडले काय, असे कोणी म्हणेल. पण डोळा ताणला गेला की आतला पडदाही ताणून पातळ होतो. नंबर मायनस सहाच्या पुढे गेलेल्या माणसाला पुढल्या आयुष्यात पडदा सुटण्याचा, काचबिंदूचा आणि पडद्याचा मधला भाग झिजण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. हे नुकसान चष्म्याने भरून येत नाही. अठरा वर्षांनंतर लेझरने नंबर काढता येतो, पण लेझर बुबुळाला आकार देते. लांब झालेला डोळा आखूड करीत नाही. त्यामुळे मूल वाढत असतानाच नंबराची वाढ मंद करणे याला मोल आहे. रात्रीच्या भिंगांचे महत्त्व आहे ते या कारणाने. चष्मा टळतो हा त्यातला लहान फायदा.

रात्रीची भिंगे काम कशी करतात?

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेतील शिकागो येथे जॉर्ज जेसेन यांनी १९६२ साली कडक भिंगे वापरून बुबुळाचा आकार बदलण्याचा प्रयोग मांडला. त्या काळच्या प्लास्टिकच्या भिंगांतून हवा जात नसे. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, त्याला प्राणवायू बाहेरच्या हवेतूनच मिळतो. तेव्हा ती भिंगे घालून झोपणे शक्य नव्हते. पुढे हवा आरपार जाऊ देणारे साहित्य निघाले, भिंगाची घडणही सुधारली, आणि २००२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रात्री घालायच्या भिंगांना मंजुरी दिली.

भिंग साधारण डोळ्यातल्या काळ्या गोलाएवढे असते आणि बोटाला कडक लागते. आधी यंत्राने बुबुळाचा नकाशा काढतात. शेताची मोजणी करून चढ-उतार नोंदवावेत तसा प्रत्येक डोळ्याचा उंचसखलपणा नोंदवतात आणि त्या मापाने भिंग घडवून घेतात. एकाचे भिंग दुसऱ्याला चालत नाही. रात्री मूल झोपले की भिंगाखालच्या अश्रूंच्या पातळ थराचा हलका दाब पडतो. बुबुळाचा सर्वांत वरचा नाजूक थर मध्यभागी किंचित पातळ होतो आणि कडेला किंचित जाड. हा फरक केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी असतो, तरी तेवढ्याने मायनस तीन-चारपर्यंतचा नंबर तात्पुरता झाकला जातो. सकाळी भिंग काढले की मुलाला दिवसभर चष्म्याविना दिसते.

तात्पुरता हा शब्द लक्षात ठेवावा. भिंगे घालणे थांबवले की काही दिवसांत किंवा आठवड्यांत बुबुळ मूळ आकारावर येते आणि नंबर परत दिसू लागतो. ‘भिंगाने नंबर कायमचा जातो’ असे सांगणारा माणूस आपल्याला फसवतो आहे असे समजावे. पोलीस, सैन्य किंवा रेल्वेच्या भरतीत डोळ्यांची तपासणी असते. तिथे हा तोडगा चालेल अशा भरवशावर कोणी राहू नये.

फायदा किती?

हाँगकाँगमध्ये ६ ते १० वर्षांच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची वाटणी करून निम्म्यांना साधा चष्मा आणि निम्म्यांना रात्रीची भिंगे दिली. दोन वर्षांत चष्मावाल्या मुलांचे डोळे सरासरी ०.६३ मिलिमीटर लांबले, भिंगवाल्यांचे ०.३६ मिलिमीटर. म्हणजे वाढ सुमारे ४३ टक्क्यांनी कमी झाली. असाच निष्कर्ष पुढे इतरही अभ्यासांत निघाला. तेव्हा भिंगांनी वाढ मंदावते हे खरे आहे. पण वाढ थांबत नाही हेही तितकेच खरे. चालत्या गाडीला ब्रेक लागतो, गाडी जागेवर उभी राहत नाही.

शिवाय हा ब्रेक मध्येच सोडून चालत नाही. त्याच हाँगकाँगमधील २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चौदा वर्षांच्या आत भिंगे सोडलेल्या मुलांचे डोळे नंतर अधिक वेगाने लांबल्याचे आढळले. आठव्या वर्षी भिंगे सुरू केली तर सहा-सात वर्षांचा खर्च आणि मेहनत गृहीत धरावी लागते. एक वर्ष पीक बरे आले म्हणून भिंगे घेतली, दुसऱ्या वर्षी सोयाबीन पावसात भिजले म्हणून सोडली, असे होणार असेल तर न घेतलेली बरी.

धोका पाण्यात आणि हातात

भिंगांचा सर्वांत मोठा धोका म्हणजे बुबुळात जंतू शिरून जखम होणे. ही जखम भरली तरी पांढरा फूल पडतो आणि दृष्टी अधू होते. २००० सालानंतर चीन, तैवान, हाँगकाँग या भागांतून अशा घटनांची माहिती येऊ लागली. पहिल्या ५० घटनांचा आढावा २००५ साली घेण्यात आला. त्यांतील बहुतेक रुग्ण शाळकरी वयाचे होते. निम्म्याच्या आसपास घटना स्यूडोमोनास या जंतूच्या होत्या, आणि जवळजवळ तिसरा हिस्सा अकॅन्थामीबा या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्म जिवाच्या. भिंगे किंवा त्यांची डबी नळाच्या पाण्याने धुणे हे त्याचे एक मोठे कारण ठरले.

अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा धोका १०,००० मुलांमागे वर्षाला सुमारे १४ इतका निघाला. प्रत्यक्ष घटना मोजक्याच असल्याने हा आकडा अंदाजाचा समजावा. शिवाय तो तिकडच्या घरांतला आहे. आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे. अकॅन्थामीबा विहिरीत, टाक्यात, तळ्यात, चिखलात, सगळीकडे असतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या रोगाचे असे रुग्ण होते, ज्यांनी भिंगे कधी घातलीच नव्हती. डोळ्याला मार लागणे, कचरा जाणे, घाण पाणी उडणे यांतून त्यांना तो जडला होता. तुरीचे धसकट डोळ्याला लागून बुरशीचा जंतुसंसर्ग होणे हेही शेतकऱ्याला नवे नाही. म्हणजे आपल्या अंगणात हा शत्रू आधीच हजर आहे. त्याला भिंगाच्या डबीतून थेट डोळ्यापर्यंत नेऊन पोचवायचे नाही.

या भिंगांची एक बाजू मात्र शेतकरी घराला सोयीची आहे. ती दिवसा डोळ्यांत नसतात. मळणीच्या वेळी उडणारे कुटार, रस्त्याची धूळ, फवारणीचे तुषार भिंगाखाली अडकण्याचा प्रश्न येत नाही.

आपल्या घरी जमेल का?

भिंगे घ्यायची की नाही हे ठरवण्यापूर्वी नवरा-बायकोने एकत्र बसून पुढील प्रश्नांची खरी उत्तरे द्यावीत.

१. रोज रात्री आणि रोज सकाळी, साबणाने हात धुऊन, स्वच्छ पंचाला पुसून, भिंगे घालणारे आणि काढणारे मोठे माणूस घरात आहे का? सोंगणी-मळणीच्या दिवसांत, लग्नसराईत, यात्रेतही हे चुकवता येणार नाही. लहान मुलावर सोपवून चालणार नाही.

२. भिंगे आणि डबी फक्त डॉक्टरांनी दिलेल्या द्रावणाने धुवायची. विहिरीचे, बोअरचे, नळाचे, फिल्टरचे, उकळलेलेसुद्धा पाणी त्यांना लावायचे नाही. थुंकी तर मुळीच नाही. हे द्रावण संपायच्या आत आणून ठेवणे जमेल का?

३. मूल रोज सलग आठ तास झोपते का? पहाटे चार वाजता उठून शिकवणीला किंवा दूध घालायला जाणाऱ्या मुलाला या भिंगांचा पूर्ण उपयोग होत नाही.

४. पहिल्या रात्रीनंतर लगेच दुसऱ्या सकाळी, मग आठवड्याने, महिन्याने आणि पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी तज्ज्ञाकडे तपासणीला जावे लागते. वाशीम अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावर असल्याने हैदराबादकडे जाता येते, पण एवढ्या फेऱ्या, मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब धरला आहे का?

५. भिंगांची जोडी साधारण वर्षभराने बदलावी लागते. साध्या चष्म्याच्या कितीतरी पट हा खर्च असतो. भिंगे, द्रावण, तपासणी मिळून वर्षाला एकूण किती लागेल ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. बियाणे-खताच्या पैशातून किंवा कर्ज काढून भिंगे घेऊ नयेत.

६. डोळा लाल झाला, दुखला, पाणी येऊ लागले, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागले, तर भिंग त्या रात्री घालायचे नाही आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा. रात्री-अपरात्री तालुक्याला जाण्याची तयारी आहे का?

सहाही उत्तरे ‘होय’ आली आणि मुलाचा नंबर लवकर चढत असला, तर तज्ज्ञाशी बोलायला हरकत नाही. एकाही उत्तराशी मन अडखळले तर भिंगांचा नाद सोडावा. त्यात कमीपणा काही नाही. मुलाला मदत करण्याचे दुसरे मार्ग आहेत आणि ते आपल्या आवाक्यातले आहेत.

थेंब आणि खास चष्मे

पहिला मार्ग डोळ्यांत घालायच्या थेंबांचा. अॅट्रोपिन हे नाव शेतकऱ्याने कधी ना कधी ऐकलेले असते. फवारणीची विषबाधा झालेल्या माणसाला दवाखान्यात याचेच इंजेक्शन देतात. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेचा प्रकार घडला तेव्हा हे नाव गावोगाव पोचले. हेच औषध अगदी सौम्य करून रोज रात्री एक थेंब घातले तर लघुदृष्टीची वाढ मंदावते. त्याचा मोठा अभ्यास सिंगापूरमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झाला. हाँगकाँगच्या २०१९ सालच्या अभ्यासात ०.०५ टक्के तीव्रतेच्या थेंबांनी वर्षभरात नंबराची वाढ सुमारे दोन तृतीयांश कमी झाली, आणि ०.०१ टक्क्याच्या थेंबांनी पाव हिश्श्याहून थोडी जास्त. भारतातही हे थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. भिंगापेक्षा हा मार्ग घरच्या माणसाला सोपा पडतो.

इथे एक इशारा दिलाच पाहिजे. अॅट्रोपिन धोतऱ्यात असते हे कोणाला ठाऊक असेल. म्हणून धोतऱ्याचा रस डोळ्यांत घालण्याचे धाडस कोणी करू नये. त्यात औषध किती आणि विष किती याला माप नसते. डोळ्यासह जिवावरही बेतू शकते. मध, लिंबाचा रस, अंगावरचे दूध, एरंडेल, असले काहीही मुलाच्या डोळ्यांत घालू नये.

दुसरा मार्ग खास काचांच्या चष्म्याचा. या काचेच्या मध्यभागी मुलाचा नंबर असतो आणि भोवती अगदी बारीक भिंगांची नक्षी असते. हाँगकाँगच्या २०२० सालच्या अभ्यासात अशा चष्म्याने नंबराची वाढ निम्म्याने कमी झाली. हा चष्मा साध्यापेक्षा महाग पडतो. पण डोळ्यांत काही घालायचे नसल्याने जंतूंची भीती नाही.

सर्वांत स्वस्त औषध: मोकळे ऊन

आता जे सांगायचे आहे ते बिनपैशाचे आहे, म्हणून त्याला कमी लेखू नये.

सिडनी आणि सिंगापूर येथील चिनी वंशाच्या ६-७ वर्षांच्या मुलांची तुलना २००८ साली प्रसिद्ध झाली. वंश एकच. पण सिडनीत १०० पैकी साधारण ३ मुलांना लघुदृष्टी होती, सिंगापुरात २९ जणांना. मोठा फरक होता तो बाहेर खेळण्याच्या वेळेत. सिडनीची मुले आठवड्याला जवळजवळ १४ तास घराबाहेर असत, सिंगापूरची ३ तास. पुढे चीनमधील ग्वांगझौ शहरात काही शाळांत रोज ४० मिनिटे मैदानावरचा जादा तास ठेवण्यात आला. तीन वर्षांनी, २०१५ साली निकाल आला. नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टी लागली होती, मैदानावर जाणाऱ्यांत ३०.४ टक्के.

याचे कारण उजेड. शाळेच्या खोलीत जेवढा उजेड असतो, त्याच्या कितीतरी पट उजेड झाडाच्या सावलीतही असतो. या उजेडाने डोळ्याच्या पडद्यात एक रसायन पाझरते आणि ते डोळ्याच्या वाढीला आवर घालते असे शास्त्रज्ञांचे मत आहे. त्यासाठी भर उन्हात उभे राहायची गरज नाही. सूर्याकडे तर कधीच बघायचे नाही. वैशाखात आपल्याकडे ऊन मी म्हणत असते, तेव्हा सकाळी आणि संध्याकाळी, एरवी लिंबाखाली, अंगणात, वावरात, रोज दोन तास मूल बाहेर राहिले म्हणजे पुरे.

आपल्या देशातले आकडेही तेच सुचवतात. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगर या ग्रामीण जिल्ह्यात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७ ते १५ वर्षांच्या मुलांत लघुदृष्टी सुमारे ४ टक्के होती. दिल्लीच्या शाळांतील २०१५ सालच्या पाहणीत ती १३ टक्के निघाली. तिथेही रोज दोन तासांहून जास्त बाहेर असणाऱ्या मुलांत ती कमी होती. गावातल्या मुलाला आजवर हे संरक्षण आपोआप मिळत होते. ते गुरांमागे, नदीवर, चिंचेखाली वाढत होते. आता गावातही पहाटे शाळेची गाडी, दुपारी शाळा, संध्याकाळी शिकवणी आणि रात्री हातात मोबाइल असे होऊ लागले आहे. मूल शिकावे म्हणून आपण अकोल्याला, लातूरला पाठवतो, तिथे तर खोलीच्या बाहेर पाय पडत नाही. शिक्षण हवेच. पण त्यातून दोन तास उजेडाचे राखून ठेवावेत.

नंबर लागण्यापूर्वी उन्हाचा उपयोग सर्वांत जास्त होतो. लागल्यानंतर तो कमी पडतो. म्हणून ज्या मुलाला अजून चष्मा नाही, विशेषतः ज्याच्या आई-वडिलांपैकी कोणाला मायनस नंबर आहे, त्याला आजपासून बाहेर खेळू द्यावे. पुस्तक कोपरापासून मुठीपर्यंत हातभर अंतरावर धरायला शिकवावे, आणि अर्ध्या तासाने मान वर करून लांबचे झाड बघायला सांगावे.

पालकांच्या काही शंका

*चष्मा लावला की डोळे आणखी बिघडतात का?* नाही. मलेशियात मुद्दाम कमी नंबराचा चष्मा देऊन पाहिला, तेव्हा त्या मुलांचा नंबर जास्त वाढला. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. पूर्ण नंबराचा चष्मा दिवसभर वापरू द्यावा.

*चष्म्याने अभ्यासात फरक पडतो का?* चीनच्या ग्रामीण भागातील २५२ शाळांत मुलांना फुकट चष्मे देऊन पाहिले. वर्षअखेर त्यांचे गणिताचे गुण वाढले. हा निष्कर्ष २०१४ सालचा.

*गाजर, शेवगा खाल्ल्याने नंबर जातो का?* ही भाजी जरूर खावी, अ जीवनसत्त्व मिळते आणि रातांधळेपणा टळतो. लांबलेला डोळा मात्र त्याने आखूड होत नाही.

*मुलगी आहे, चष्मा दिसला तर लग्नाचे काय?* चष्म्याविना फळा न दिसून जी मुलगी नापास होते आणि शाळा सोडते, तिचे नुकसान जन्मभराचे आहे. शिकलेली, आपल्या पायावर उभी राहिलेली मुलगी चष्म्यापायी अडत नाही. मुलाला चष्मा आणि मुलीला ‘बघू पुढे’ असा भेद कोणी करू नये.

तपासणी कशी, कुठे?

घरच्या घरी एक साधी परीक्षा घेता येते. भिंतीवरची दिनदर्शिका दहा फुटांवरून वाचायला सांगावी. आधी उजवा डोळा तळहाताने झाकावा, मग डावा. डोळा दाबू नये. दुसऱ्या भावंडाला जे दिसते ते याला दिसत नसेल, किंवा एका डोळ्याने कमी दिसत असेल, तर वाट पाहू नये. एकाच डोळ्यात नंबर असलेले मूल दुसऱ्या डोळ्यावर भागवून नेते, म्हणून दोन्ही डोळे वेगवेगळे तपासणे जरूर आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत मुलांची तपासणी करते. पथक कधी येणार ते मुख्याध्यापकांना विचारावे आणि त्या दिवशी मुलाला निंदायला किंवा वेचायला न नेता शाळेत पाठवावे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्यातून गरजू शाळकरी मुलांना चष्मे मोफत देण्याची सोय आहे. त्यासाठी वाशीमच्या जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात चौकशी करावी. पुढच्या तपासण्या अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होऊ शकतात. बाजारात गाडीवर मिळणारा तयार चष्मा मुलाला लावू नये. लहान मुलाचा नंबर औषध घालून, बाहुली मोठी करून काढावा लागतो. चष्मा लागल्यावर दर सहा महिन्यांनी नंबर पुन्हा तपासावा आणि प्रत्येक वेळची चिठ्ठी जपून ठेवावी. सातबारा जपतो तशी ही चिठ्ठी जपली तर नंबर किती वेगाने चढतो आहे ते डॉक्टरांना एका नजरेत कळते. मग थेंब, खास चष्मा की रात्रीची भिंगे, हा निर्णय ते तुमच्याबरोबर बसून घेऊ शकतात.

तेव्हा आई-बापांनो, क्रम ध्यानात ठेवा. आधी तपासणी, मग पूर्ण नंबराचा चष्मा, रोज दोन तास मोकळा उजेड. नंबर झपाट्याने वाढत असेल तर तज्ज्ञाच्या सल्ल्याने थेंब किंवा खास चष्मा. रात्रीची भिंगे सर्वांत शेवटी, आणि ज्या घरात ती रोज नीट सांभाळली जातील त्याच घरात. आज संध्याकाळी दिवेलागणीच्या आत घरातल्या प्रत्येक लेकराला दिनदर्शिकेसमोर दहा फुटांवर उभे करा आणि एकेक डोळा झाकून वाचायला लावा.